प्रस्तावना चटकदार पाहिजे

अमरावतीत ऑटोवर भोंगा लावून ज्या जाहिराती फिरतात, त्या लिहिणं हा माझा धंदा. चपलांचा सेल, स्पर्धा परीक्षांचे क्लास, नवीन निघालेला दातांचा दवाखाना, लग्नाचं लॉन, आणि निवडणूक आली की उमेदवार. मी लिहितो, एका बंद खोलीत माइकसमोर उभा राहून मीच बोलतो, मागे संगीत टाकतो आणि पेन ड्राइव्ह भरून ऑटोवाल्याच्या हातात देतो. राजकमल चौकात गाडी घेऊन उभा असताना बाजूच्या ऑटोतून माझाच आवाज अंगावर येतो, तेव्हा मी हेल्मेटची काच खाली ओढून घेतो.

सुरुवातीला मजा वाटायची. पुढे पुढे काही शब्दांची किळस यायला लागली. आधी ‘धमाका’, मग ‘खास तुमच्यासाठी’. एकदा बायको जेवताना म्हणाली, “आज खास तुमच्यासाठी कढीगोळे केले,” आणि माझा घास तोंडातच फिरायला लागला. तिला बिचारीला वाटलं, मीठ जास्त झालं.

अकोल्याला जठारपेठेत माझी मोठी बहीण राहते. शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. भाऊजी गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांना मेसेज लिहायचा मनस्वी कंटाळा, म्हणून ते फोनवर बोलून पाठवायचे. बाजारात गेले की तिथून ताईला आवाज यायचा, “मेथी चांगली दिसून राहिली, आनू काय दोन जुड्या?” बँकेच्या रांगेतून यायचा, “येथी लय गर्दी आहे, तू जेवून घे.” ताईनं त्यातला एकही पुसला नव्हता. तिच्या फोनमध्ये ते सगळे तसेच होते.

तेरवीच्या आधी एका दुपारी मी तिच्याकडे बसलेलो होतो. भेटायला आलेल्यांनी बैठकीची खोली भरली होती. भाऊजींच्या आत्या गावाहून आल्या होत्या. खूप म्हाताऱ्या, कानानं अधू. त्यांना अंत्यविधीला पोचता आलं नव्हतं. त्या ताईला म्हणाल्या, “त्याचा आवाज हाये म्हन्ते तुह्या फोनात. मले आयकव व एकडाव.”

ताईनं चष्मा लावला आणि फोन उघडला. हा फोन तिनं हौसेनं घेतलेला होता, स्वस्तातला. त्यात कंपनीनंच आधीपासून काय काय भरून ठेवलेलं. कुलूप उघडायच्या आधी एक जाहिरात, उघडल्यावर दुसरी. तिनं मेसेजांवर बोट ठेवलं आणि त्या भरल्या खोलीत पूर्ण आवाजात एक माणूस ओरडला, “जांघेत खाज? नायटा? चारचौघांत लाज वाटते? आता बिनधास्त!” पडद्यावर लालभडक कातडीचा फोटो होता. बंद करायची फुली मोहरीएवढी. ताईचं बोट फुलीच्या बाजूला पडलं आणि मलमाचं अख्खं दुकान उघडलं. तो माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

आत्या कान पुढे करून बसल्या होत्या. मग त्यांनी मान हलवली. “हा नाई व त्याचा आवाज,” त्या म्हणाल्या. “माह्या भाच्याचा आवाज असा नोयता.”

कोणी हसलं नाही. ताईनं फोन उशीखाली दाबला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. उशीखालून तो माणूस बराच वेळ खाजेबद्दल बोलत राहिला. मी उशी उचलून फोन बंद केला. माझे हात धुवावेसे वाटले, आणि मी खरोखरच मोरीत जाऊन धुतले. त्या जाहिरातीतलं एकूण एक वाक्य माझ्या ओळखीचं होतं. तशी वाक्यं बनतात कशी, कुठे थांबायचं आणि कुठे ओरडायचं, हे मला झोपेतही येतं. ओकारी येत होती ती त्या लाल कातडीच्या फोटोची नव्हती.

त्याच खोलीत वरच्या मजल्यावर राहणारे सर बसलेले होते. ते पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवतात. भाऊजी आजारी होते तेव्हा त्यांच्या घरून रोज डबा यायचा. त्यांच्या पत्नी आणि ताई गच्चीवर पापड वाळवायला नेहमी सोबत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सर खाली आले.

“बाई,” ते ताईला म्हणाले, “एक बात सांगू? हे सगळं बंद होऊ शकते. जड से.”

मग त्यांनी आम्हाला समजावलं. फोन ज्यावर चालतो त्या मूळ गोष्टीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती बहुतेक वेळा कंपनीच ठरवते. पण जगभरातल्या काही हौशी लोकांनी मिळून एक वेगळी सिस्टीम बनवली आहे. तिचा कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. तिला मालक नाही, आणि जाहिरातही नाही. त्या सिस्टीममधले शब्द मराठीत आणणाऱ्या चारपाच जणांपैकी एक हे सर. आम्हाला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ताईला ते फक्त नळाला पाणी आलं की हाक मारणारे शेजारी म्हणून ठाऊक.

ताईनं फोन पुढे केला. सरांनी मॉडेल पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “ह्याच्यावर नाही बसत ती. कोणी बनवलीच नाही ह्या मॉडेलसाठी.” मग त्यांनी विचारलं, “भाऊसाहेबांचा फोन कोणता होता?”

भाऊजींचा फोन ताईच्या उशाशी चार्जिंगला लावलेला होता. जुना, कोपऱ्याला तडा गेलेला. त्याला ती रोज चार्ज करायची, कारण सकाळी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचा अलार्म त्यात वाजायचा. गोळी घेणारं कोणी नव्हतं, तरी तो वाजू द्यायची. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. त्या फोनवर सिस्टीम बसत होती.

“पण बाई, खरं सांगतो,” सर म्हणाले, “ती टाकताना कंपनीचं कुलूप तोडा लागते, आणि कुलूप तुटलं की फोन आतून साफ कोरा होते. फोटो, नंबर, अलार्म, सगळं जाते. पयले सगळं माह्या कॉम्प्युटरवर काढून घेऊ. तुमी पाहा. तुमचं समाधान झालं, मंगच मी हात लावीन.”

दोन-तीन दिवस ताईनं तो विषय काढलाच नाही. मग तेरवी झाल्यावर तिनं सरांना हाक मारली आणि एकच प्रश्न विचारला, “गोळीचा अलार्म वापस लावता येते काय?”

“येते. त्याच टायमाले लावून देतो.”

त्या रविवारी सरांच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. भाऊजींच्या फोनमधले फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर घेतले आणि एकेक उघडून ताईला दाखवले. तिच्या फोनमधले सगळे आवाज घेतले, तेही वाजवून दाखवले. ताई फक्त मान हलवत होती. मग त्यांनी फोन पुसला. पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. ताई उठून खिडकीशी गेली. शेवटी एक छोटी खूण गोल फिरायला लागली आणि पडद्यावर मराठीत ‘सुरुवात करा’ असं आलं. सर म्हणाले, “हे दोन शब्द माहे आहेत.”

आवाज त्यात भरले. ताईनं पहिल्यावर बोट ठेवलं. मध्ये काही आलं नाही. फक्त बाजाराचा गलका आणि भाऊजी, “मेथी चांगली दिसून राहिली…”

ताईनं तो पूर्ण ऐकला, मग फोन बंद करून पदरात धरला. “बस,” म्हणाली. “आता चाहा टाकते.”

एक गोष्ट मात्र जमली नाही. तिच्या बँकेचं अॅप त्या फोनवर चालेना. सरांनी खटपट केली, पण अॅपनं सरळ नकार दिला. असे कुलूप तोडलेले फोन काही बँकांना चालत नाहीत, म्हणाले. म्हणून पेन्शनचं काम ताई अजूनही त्या खाजवाल्या फोनवर करते. काम झालं की तो भाजीच्या टोपलीमागे ठेवून देते.

चहा पिताना सरांनी माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, तुमी जाहिराती लिहिता ना? आमच्या वेबसाइटसाठी मराठीत एक प्रस्तावना पाहिजे. चटकदार. आता जे आहे ते कोणी वाचत नाही.”

त्यांनी ते दाखवलं. “सदर प्रणाली ही समुदायाधारित व मुक्तस्रोत स्वरूपाची असून…” एवढंच वाचून माझे डोळे मिटायला लागले.

मी हो म्हटलं. ताईसाठी एवढं केलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? पण ‘चटकदार’ हा शब्द दाताखाली खड्यासारखा लागला.

लिहायला बसलो तेव्हा हात आपोआप जुन्या वाटेनं गेला. ‘फोन तुमचा, मर्जी तुमची!’ खोडलं. ‘आता होऊ द्या मोबाइल मोकळा!’ ते वाचून स्वतःचीच शिसारी आली. ही तीच भाषा होती, उशीखालून ओरडणारी. आधी लाज दाखवायची, मग घाबरवायचं, मग ‘बिनधास्त’ म्हणायचं. जाहिराती नसलेल्या वस्तूची ही जाहिरात, आणि मी तिला तसलेच कपडे घालून बाहेर काढत होतो.

अकोल्याहून परत येताना रेल्वेत मूर्तिजापूर गेलं आणि मग एकदम सुचलं. बडनेरा येईपर्यंत लिहून झालं होतं. ते असं होतं:

“तुम्ही फोन उघडता तेव्हा आधी जाहिरात येते आणि मग तुमचं माणूस. ह्या सिस्टीममध्ये मधली जाहिरात नाही. ती कोणी विकत नाही. बऱ्याच लोकांनी मिळून ती बनवली आहे आणि तिचा कोड कोणीही पाहू शकतं. ती टाकताना तुमचा फोन आतून पूर्ण पुसला जातो. म्हणून आधी फोटो, गाणी, नंबर, आवाज दुसरीकडे ठेवा, आणि तिथे ते उघडतात की नाही हेही पाहा. सगळ्या फोनवर ही बसत नाही. काही बँकांची अॅप चालत नाहीत. पण तुमच्या फोनवर बसली, तर तो फोन तुम्ही विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही.”

सरांना फार आवडलं. त्यांनी फोनवरच मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेवटच्या वाक्याला हसले. मला वाटलं, काम संपलं.

पण प्रस्तावना कोणती ठेवायची हे एकटे सर ठरवत नव्हते. मराठीचं काम पाहणाऱ्यांत पुण्याच्या एक बाई होत्या. त्या नोकरी सांभाळून हे करायच्या, एक पैसा न घेता, हे मला मान्य आहे. वेबसाइटवरचा मराठी मजकूर त्यांच्या हाताखालून जायचा. रविवारी व्हिडिओ कॉल झाला. बाई अतिशय गोड बोलायच्या.

“छान उतरलंय,” त्या म्हणाल्या. “फक्त थोडं निगेटिव्ह वाटतंय का? पुसला जातो, बसत नाही, चालत नाहीत. वाचणारा घाबरेल ना.”

“घाबरलाच पायजे,” सर म्हणाले. “घाबरून मंग तो फोटो काढून ठेवते.”

“ते आपण खाली ‘अधिक माहिती’मध्ये देऊया. आणि ‘तोंड उघडणार नाही’ हे जरा… तुमच्याकडे तसं बोलत असतील, पण इकडे ते खूप रोखठोक वाटतं.”

मी म्हटलं, “मॅडम, रोखठोकच आहे ते.”

“हो, हो, भाव लक्षात आला माझ्या. मी थोडा हात फिरवते. एक लिहून देणारं टूल आहे, त्यातून काढून बघते. तुमचा आत्मा तसाच ठेवते हं.”

पंधरवड्यानं वेबसाइटवर जे आलं, ते मी खोलीत एकटा असताना वाचलं.

“कल्पना करा एका अशा जगाची, जिथे तुमचा स्मार्टफोन हे केवळ उपकरण नसून तुमच्या स्वप्नांचा सहप्रवासी आहे! मुक्ततेचा स्पर्श, सुरक्षिततेचा श्वास आणि समुदायाची ऊब! जुन्या फोनला द्या नवसंजीवनी, तेही चुटकीसरशी! चला, डिजिटल स्वातंत्र्याच्या या उत्सवात सामील होऊया!” शेवटी एक रॉकेट होतं. त्याखाली माझं पूर्ण नाव, आणि पुढे ‘अमरावती’.

मला शब्दशः मळमळलं. फोनला श्वास, फोनला ऊब. कोणाच्या तरी तोंडातून अर्धवट चावलेला घास काढून तो माझ्या ताटात वाढावा, तसं ते वाटलं. पुसण्याचं वाक्य कुठेच नव्हतं. शोधून शोधून ‘अधिक माहिती’वर गेलो, तिथून ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’, आणि तिथे पार तळाशी ते सापडलं: ‘प्रक्रियेपूर्वी बॅकअप घेणे हितावह.’

मी सरांना फोन केला. “माझं नाव काढा.”

“सांगतो भाऊ,” सर म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला होता. “पण तुटक बोलू नका त्यायले. सगळे फुकटात करून राहिले. मी मूळ मजकूर परत टाकायले सांगितलंच आहे.”

सांगितलं त्यांनी. बाईंनी ‘नक्की, बघते’ असं उत्तर दिलं. त्याच महिन्यात त्यांच्या ऑफिसचं काम वाढलं आणि ते राहून गेलं.

मग एक दिवस माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार कोणी वाजवलं. मी एका फर्निचरवाल्याची जाहिरात बोलत होतो. बाहेर साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी.

“जय भीम,” ते म्हणाले. “तिवस्याहून आलो. तुमीच काय ते मोबाइलच्या सिस्टीमवाले? तुमचं नाव आहे तेथी. ऑटोवाल्यायले विचारत विचारत आलो.”

“जय भीम. या काका, बसा,” मी म्हटलं.

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तिवस्यात त्यांचं भीमगीतांचं मंडळ. ते स्वतः ढोलकी वाजवतात. त्यांनी पिशवीतून फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला.

“फोन मस्त चालते,” ते म्हणाले. “जाहिरात नाई, काई नाई. मी सोताच टाकली सिस्टीम, तुमच्या वेबसाइटवरून. तुमच्या सिस्टीमीत खोट नाई. गाने गेले, एवढंच.”

“कोणती गाणी?”

“आमची.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मंडळाचा गायक लहानपणापासूनचा दोस्त. दोघं एकाच वस्तीत वाढलेले, गाण्याच्या एकाच बैठकीत शिकलेले. मागच्या वर्षी गायकाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. आता तो बोलतो तेही पाटीवर लिहून, गाणं तर नाहीच. ऑपरेशनच्या आधी, आता गळा जाणार हे ठाऊक असताना, दोघं रोज संध्याकाळी बसले आणि जेवढ्या चाली आठवल्या तेवढ्या म्हणून घेतल्या. ढोलकी आणि गळा, बाकी कोणी नाही. ते सगळं ह्या फोनात होतं. फोन हळू चालायला लागला होता, गाणं वाजवताना मध्येच अडकायचा, म्हणून काकांनी नवी सिस्टीम टाकली. गाणी नीट ऐकू यावीत म्हणून.

“चुटकीसरशी लिहिलं होतं तुमी,” ते म्हणाले. “मी म्हटलं, मंग काय, करून टाकू.”

“काका, ते मी नाही लिहिलं,” मी म्हणालो. “मी स्पष्ट लिहिलं होतं की फोन पुसला जातो, आधी सगळं दुसरीकडे ठेवा. त्यांनी ते काढून टाकलं. थांबा, मी दाखवतो तुम्हाला.”

मी रेल्वेत लिहिलेला मजकूर उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि मजकूर सावकाश वाचला, सगळा. मग फोन मला परत दिला.

“चांगलं लिहिलं,” ते म्हणाले. “पन मले तर हे दिसलंच नाई. मंग मले काय उपयोग त्याचा?”

फर्निचरवाल्याचं काम तसंच सोडून मी खोलीला कुलूप लावलं आणि काकांना घेऊन अकोल्याची बस धरली.

सरांनी फोन घेतला, कॉम्प्युटरला लावला, दोन-तीन गोष्टी करून पाहिल्या. काका त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. शेवटी सरांनी वायर काढली. “काका, खोटी आशा नाही देत. आजकाल फोनातलं सगळं कुलुपात असते, आणि पुसताना त्या कुलपाची चाबीच जाते. नाही येत वापस. माफ करा.”

“ठीक आहे,” काका म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “ठीक आहे.”

ताई खालून पोहे घेऊन आली होती. सगळं ऐकून ती दारातच थबकली. तिनं ताटली काकांच्या हातात दिली आणि विचारलं, “त्या भाऊंना सांगितलं काय तुमी? गायकाले?”

काकांनी नकारार्थी मान हलवली. “कोन्या तोंडानं सांगू बाई?”

पुढचे काही आठवडे आम्ही जे सापडेल ते गोळा केलं. मंडळाचे कार्यक्रम कोणी कोणी फोनवर घेतलेले होते. एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं अख्खी वरात दिली, तिच्यात अर्धं गाणं होतं. गायकाच्या जावयाकडे दोन निघाली. काकांनी शेवटी दोस्ताला सांगितलं. तो रागावला नाही म्हणे. त्यानं पाटी मागवली आणि लिहिलं, ‘तुला चाली पाठ आहेत ना?’ तरी माणसं बोलतायत, पोरं रडतायत, अशा आवाजातून काढलेली ती गाणी होती. रिकाम्या खोलीत दोघांनी बसून म्हटलेलं त्यात काहीच नव्हतं, आणि ते आता कुठेच नाही. काही चाली तर त्या संध्याकाळांनाच पहिल्यांदा म्हटलेल्या होत्या.

सरांनी पुन्हा रविवारचा व्हिडिओ कॉल लावला. ह्या वेळी काकांना शेजारी बसवलं. मी ठरवलं होतं, मनातलं सगळं ओकायचं. वाक्यं तयार होती. पण आधी सरांनी काय घडलं ते सांगितलं, आणि पुण्याच्या बाईंचा चेहरा पांढरा पडला.

“मला खरंच कल्पना नव्हती,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं नव्हतं की कोणी ते वाचून लगेच करेल.”

काका पडद्याकडे वाकले. “मंग कायले लिहिलं बाई, चुटकीसरशी? कोनी करू नाई म्हनून?”

बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी माफी मागितली. वरवरची नव्हती ती. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “तुमचं ते वाक्य पाठवाल का पुन्हा? मी आत्ता, बोलता बोलताच टाकते.”

माझी तयार वाक्यं तशीच राहिली. मी पुसण्याचं वाक्य पाठवलं. आम्ही बघत असतानाच ते पानाच्या माथ्यावर लाल चौकटीत आलं. ‘चुटकीसरशी’ गेलं, ऊब गेली, रॉकेट गेलं. बँकेचं वाक्य आलं. माझं नाव निघालं.

पण खाली ‘कल्पना करा एका अशा जगाची’ तसंच राहिलं. बाई अजिजीनं म्हणाल्या, “एक तरी आकर्षक ओळ राहू द्या ना. ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांना ती आवडते.” सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. मला तेवढ्यावरून पुन्हा भांडायची ताकद नव्हती, आणि ज्यांनी आत्ताच डोळे पुसले त्यांच्यावर ओरडणं मला जमलं नसतं. पण हेही खरं, की त्या क्षणीही मला त्या ओळीची तितकीच किळस येत होती. चुकलेल्या बाईंचा राग गेला, त्या ओळीचा गेला नाही. कोणत्या जगाची कल्पना करायची? समोर एक माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, त्याचं जग त्याच्या फोनातून गेलं होतं.

काका त्या संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. स्टेशनवर सोडायला सर आणि मी दोघं गेलो होतो.

काही दिवसांपूर्वी त्यांनी मला एक गाणं पाठवलं. काका स्वतः म्हणतायत, ढोलकीही त्यांचीच. गळा बेसूर नाही, पण गायकाचाही नाही. मध्ये एकदा चाल चुकते, ढोलकी थांबते, मागे कोणीतरी टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवतं, एकदा, दोनदा, आणि काका पुन्हा उचलतात. तो ठेका धरणारा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी ते गाणं लगेच दोन ठिकाणी ठेवलं आणि उघडून पाहिलं.

मग त्यांचा फोन आला. “आवाज बराबर आला काय?”

“एकदम साफ, काका.”

“मी तुमची वेबसाइट पाहिली काल,” ते म्हणाले. “लाल डब्बा चांगला आहे. पन त्याच्या खालचं ते, कल्पना करा-गिल्पना करा, ते अजून बकवासच आहे.”

“आहे,” मी म्हटलं. “मी सांगतो त्यांना.”

“सांगा,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.